बोलायचं नाही, एवढंच ठरलं होतं

आमच्या चाळीत सकाळी सहाला पाणी येतं. शनिवारी मी साडेपाचलाच उठते, चहा टाकते आणि नळाला पाइप लावून लॅपटॉप उघडते. लालबागमध्ये शनिवारची पहाट असते तेव्हा अमेरिकेत शुक्रवारची संध्याकाळ असते. मी ज्या सर्व्हरवर खेळते तो तिकडचा, आणि त्याला गर्दी होते ती त्याच वेळेला. गेलं दीड वर्ष मी तिथे एकच काम घेते. ते काम म्हणजे माइम. अंतराळस्थानकावर लोकांचं मनोरंजन करायचं आणि तोंडातून शब्द काढायचा नाही.

‘स्पेस स्टेशन १३’ हा खेळ २००३ सालापासून चालू आहे. दिसायला जुनाच. स्थानक वरून बघितल्यासारखं दिसतं, ३२ बाय ३२ पिक्सेलचा एकेक चौकोन, त्यातच माणसं, टेबलं, दारं, झाडं. पण आत अख्खं गाव नांदतं. कोणी डॉक्टर, कोणी स्वयंपाकी, कोणी बागेत पिकं काढतो, कोणी इंजिन सांभाळतो, कोणी फरशी पुसतो. एखाद-दोघे आतून फितूर असतात आणि ते कोण, हे कोणाला ठाऊक नसतं. कुठे भिंत फुटली की खरोखर हवा निघून जाते आणि माणूस गुदमरून मरतो. एकदा मेलात की कोणी डॉक्टर धावून आला तर ठीक, नाहीतर राउंड संपेपर्यंत भूत होऊन बघत बसायचं. तास-दीड तासाने न्यायला शटल येतं, राउंड संपतो, आणि नव्या राउंडला सगळं पहिल्यापासून. या खेळात आवाज कोणाचाच नसतो, सगळं टाइप करून बोलायचं. माइमला तेवढंही नाही.

मला यात ओढलं माझ्या आतेभावाने. तो मुलुंडला राहतो आणि या खेळात बहुतेक वेळा फरशी पुसतो. म्हणाला, “ताई, तू कॉलेजात माइम केलंयस ना? यात तो रोल आहे. कोणी नीट करत नाही गं. तू करून बघ.”

केलं होतं मी. मुंबई विद्यापीठाच्या युवा महोत्सवात, दोन वर्षं. मूकाभिनयाच्या गटात जास्तीत जास्त सहा जण आणि वेळ पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांसाठी आम्ही दीड-दोन महिने रोज संध्याकाळी कॉलेजच्या जिन्याखाली घाम गाळायचो. त्यातला पहिला आठवडा नुसत्या भिंतीत गेला. हात हवेतून जाताना बोटं सैल, किंचित वाकलेली असली पाहिजेत. भिंतीला टेकल्या क्षणी तळवा चपटा व्हायला हवा, बोटं पसरायला हवीत, मनगटात ताण यायला हवा. आणि मग सगळ्यात अवघड भाग: तळवा जिथे टेकलाय तिथेच राहिला पाहिजे, हलायचं ते अंगाने. मी डावीकडे सरकले तरी हात तसूभर सरकायचा नाही. सर मागून तळव्यासमोर पट्टी धरून उभे राहायचे. हात पट्टीवरून हलला की “भिंत पडली,” म्हणायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून. एका संध्याकाळी माझी भिंत चाळीस वेळा पडली असेल.

खेळात आले तर भिंत आयतीच होती. माइमला मौनव्रत घेतलेलं असेपर्यंत एक शक्ती मिळते. बटण दाबलं की समोरच्या चौकोनात अदृश्य भिंत उभी राहते. खरीखुरी. माणूस आपटतो, थांबतो. थोड्या वेळाने ती आपोआप विरते. मौन सोडायचं तर तेही एका क्लिकवर सुटतं, पण मग भिंत जाते आणि व्रत पुन्हा घ्यायला काही मिनिटं थांबावं लागतं. सामानात ‘काहीही नाही’ नावाची एक बाटली असते. मौन पाळणाऱ्या माइमने ती प्यायली तर जखमा हळूहळू भरतात. ज्याने कोणी हे सुचवलं असेल त्याला या कलेबद्दल मनापासून प्रेम असणार. कपडेही ओळखीचे: पांढरं तोंड, डोक्यावर गोल फ्रेंच टोपी, पांढरे हातमोजे, गॅलिस. मार्सेल मार्सो यांनी १९४७ मध्ये बिप हे पात्र उभं केलं, तेव्हापासून माइम म्हटलं की जगाच्या डोळ्यांसमोर पांढरंच तोंड येतं.

भिंत होती, पण हात नव्हता. माझी बाहुली चार दिशांना तोंड करते, एवढंच तिचं शरीर. नाट्यशास्त्रात अभिनय चार प्रकारचा सांगितलाय: आंगिक, वाचिक, आहार्य, सात्त्विक. वाचिक मी व्रत म्हणून सोडलं होतं, आणि आंगिक त्या ३२ पिक्सेलमध्ये मावत नव्हतं. आहार्य म्हणजे ती टोपी आणि ते हातमोजे. सात्त्विक कुठून आणायचं?

पहिल्या राउंडला मी वाक्यं लिहिली. खेळात इमोट नावाची सोय आहे. आपण काय करतोय ते लिहायचं, आणि ज्यांच्या नजरेच्या टप्प्यात आपण आहोत त्यांना ते वाचायला मिळतं. मी मोठ्या तळमळीने लिहिलं, की माइम हळुवारपणे हवेत एक फूल खुडते, त्याचा वास घेते, पाकळी गळून पडताना बघते. चांगल्या तीन ओळी. तोवर चॅटमध्ये रेडिओचे वीस निरोप येऊन माझं फूल वर निघून गेलं होतं. कोणी थांबलं नाही. दुसऱ्या राउंडला अर्ध्या-अर्ध्या ओळीची वाक्यं लिहून पाहिली. तरी तेच.

मग मला फाळक्यांची आठवण झाली. ३ मे १९१३ ला गिरगावात कोरोनेशनला ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तो मूकपट. त्यात पाट्या असायच्या, पण पाटी दाखवायची ती चित्राने जे सांगता येत नाही तेवढ्यापुरती. सगळंच पाटीवर लिहिलं तर लोक वाचत बसतील, बघणार कधी? मी नेमकी ती चूक करत होते. माझा इमोट म्हणजे माझी पाटी होती, आणि मी नुसत्या पाट्याच दाखवत सुटले होते.

तिसऱ्या राउंडपासून मी लिहिणं जवळजवळ बंद केलं. उरल्या चार-पाच गोष्टी. कुठे उभं राहायचं. तोंड कोणीकडे करायचं. बोट कशाकडे दाखवायचं, कारण खेळात बोट दाखवलं की त्या वस्तूवर बाण उमटतो. आडवं व्हायचं, उठायचं, एखादी वस्तू ओढत न्यायची. मान हलवायची. आणि थांबायचं.

हे मला लोकलने शिकवलं होतं, कॉलेजच्या आधीच. लेडीज डब्यात करी रोडला चढलं की गर्दीतून बसलेल्या बाईकडे बघून हनुवटी नुसती वर करायची. ती दोन बोटं दाखवते किंवा हात लांब करते, म्हणजे पुढे, खूप पुढे. मग आपल्या छातीवर बोट ठेवायचं आणि तिच्या सीटकडे दाखवायचं. सौदा पक्का. मधे दहा बायका उभ्या असल्या तरी ती सीट माझी, आणि ठाण्याला ती उठताना मला डोळ्यांनी बोलावते. एक शब्द होत नाही.

मी तेच स्थानकावरच्या बारमध्ये केलं. एक इंजिनिअर स्टुलावर बसला होता. मी त्याच्या मागे जाऊन उभी राहिले, स्टुलावर बोट दाखवलं, मग स्वतःवर, आणि थांबले. त्याने विचारलं, “तुला इथे बसायचंय?” मी मान हलवली. “मी उठेन तेव्हा?” पुन्हा मान. बारमन म्हणाला, “ती नंबर लावतेय.” पाच मिनिटांत माझ्यामागे बागवाला येऊन उभा राहिला, त्याच्यामागे एक डॉक्टर. बार रिकामा पडला होता आणि एका स्टुलासाठी तिघांची रांग. इंजिनिअर उठला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी बसले.

त्या दिवशी माझ्या एक गोष्ट लक्षात आली. मी गप्प होते, पण बार गप्प नव्हता. माझी वाक्यं बाकीचे बोलत होते. ‘ती नंबर लावतेय’ हे वाक्य माझंच, फक्त ते बारमनच्या तोंडून आलं. वाचिक अभिनय मी सोडला म्हणजे तो नाहीसा झाला नव्हता, समोरच्यांकडे गेला होता. माझं काम एवढंच, की त्यांना तो उचलता येईल असं काहीतरी पुढे ठेवायचं आणि मधे मधे करायचं नाही. युवा महोत्सवात प्रेक्षक अंधारात असायचे. त्यांच्या मनात काय वाक्यं उमटली ते मला कधी कळलं नाही. इथे ती डोळ्यांसमोर टाइप होत होती.

तेव्हापासून मी स्वतःपुरते दोन नियम केले. कागद-पेनला हात लावायचा नाही. आणि एकदा दाखवलेली गोष्ट लगेच दुसऱ्यांदा दाखवायची नाही, समोरच्याला चुकीचा अर्थ लावायला पुरेसा वेळ द्यायचा. चुकीचे अर्थ पुष्कळदा माझ्या मनातल्यापेक्षा चांगले निघाले आहेत.

मुंबईहून अमेरिकेपर्यंत माझी क्लिक पोहोचायला पाव सेकंद जातो. सुरुवातीला याचा फार त्रास व्हायचा. माइममध्ये पाव सेकंद म्हणजे पुष्कळ. मग एकदा दवाखान्याच्या दाराशी एका डॉक्टरसमोर मी आरसा धरला. हा आमचा कॉलेजातला जुना सराव, समोरचा करेल ते करायचं. तो वळला की मी वळायची, तो बसला की बसायची. माझी प्रत्येक हालचाल त्याच्यापेक्षा कणभर उशिरा. त्याने लिहिलं, “हा आरसा विचार करून हलतो.” आणि मग तो मला चकवायला लागला. पटकन वळायचा, मधेच थांबायचा, एकदा सात-आठ सेकंद नुसता स्तब्ध राहिला. मीही राहिले. जखमी माणूस आला तेव्हाच तो हलला. जाताना त्याने मला मिठी मारली. मिठी ही खेळातली साधी क्लिक आहे, रिकाम्या हाताने माणसावर टिचकी मारली की झालं. पण मी उशिरा, माझ्या वेळेला, रिकाम्या जागेला मिठी मारली, कारण आरसा होते ना मी. त्याने ते पाहिलं असेल का, मला माहीत नाही.

एकदा पाण्याचा फोर्स वाढून पाइप निसटला, आणि मी खुर्ची सोडून मोरीकडे धावले. फरशी पुसून, पाइप बांधून परत यायला दहा मिनिटं गेली. स्थानकावर माझी बाहुली मुख्य बोळात भिंतीकडे तोंड करून तशीच उभी होती. तिच्या पायाशी कोणीतरी गव्हाची पेंढी ठेवली होती, एक सफरचंद, आणि दोन नाणी. तिघं जण आजूबाजूला बसून होते. एकाने दुसऱ्याला सांगितलेलं चॅटमध्ये वर दिसत होतं, की ती कोणाची तरी वाट बघतेय, गडबड करू नका. मी सफरचंद उचललं, त्या तिघांकडे एकेकदा वळले, आणि चालू लागले. यापेक्षा काही करावंसं वाटलं नाही.

आता तो राउंड. हे सगळं लिहायला बसले ते खरं त्याच्यासाठी.

स्थानकाच्या भिंतींमागे अरुंद, अंधारे बोगदे असतात, दुरुस्तीच्या लोकांना जायला. मी रंगमंचावर जायला तिथला जवळचा रस्ता घेतला, आणि वळणावर समोर एक माणूस बागवालीचं प्रेत ओढत चालला होता. अंगावर इंजिनिअरचे कपडे, डोक्यावर पिवळी हार्ड हॅट. तो थांबला. मी थांबले. त्याच्या हातात हत्यार होतं आणि मी पळायच्या लायकीच्या अंतरावर नव्हते. काही क्षण गेले. मग त्याने लिहिलं, “तू तर कोणाला सांगू शकत नाहीस.” आणि माझ्या बाजूने प्रेत ओढत निघून गेला.

लॅपटॉपसमोर माझे हात गार पडले होते. त्याने मला सोडलं ते माझ्या मौनावर विश्वास ठेवून. आणि तासाभरापूर्वी, त्याच राउंडला मी पुन्हा स्टुलासाठी नंबर लावला होता, तेव्हा ती बागवाली माझ्या रांगेत उभी होती.

मी बारमध्ये गेले. सिक्युरिटीचा एक शिपाई तिथे होता, बारमन होता, आणि आमचा क्लाउन होता, हातात केळं घेऊन. क्लाउन आणि माइम एकाच रंगमंचावरचे, पण स्वभावाने दोन टोकं. तो सतत बोलतो. मी शिपायासमोर जाऊन जमिनीवर आडवी झाले. उठले. एक खुर्ची धरली आणि ती हळूहळू बारभर ओढत नेली, दारापर्यंत, आणि दाराबाहेर बोट दाखवलं.

“खुर्च्या चोरतंय कोणी?” शिपाई.

मी मान नाही म्हणून हलवली. पुन्हा आडवी झाले, यावेळी खुर्चीच्या शेजारी.

बारमन म्हणाला, “खुर्ची म्हणजे ती स्वतः. कोणीतरी तिला ओढत नेलं.”

मी हलले नाही. वाट बघितली.

“तिला नाही. कोणाला तरी. पडलेल्या माणसाला.” हे शिपायाचं. मी उठून मान हलवली. “मेलेल्या?” पुन्हा हलवली. त्याने हत्यार बाहेर काढलं. “कोणी?”

आता इथे मी अडकले. हार्ड हॅट कशी दाखवू? बारमध्ये पिवळं असं काहीच नव्हतं, एका गोष्टीखेरीज. मी क्लाउनच्या केळ्याकडे बोट दाखवलं.

शिपायाने क्लाउनला बेड्या घातल्या.

मौन सोडायचं बटण पडद्यावर कोपऱ्यात असतं. माझा कर्सर त्यावर होता, हे मी लपवणार नाही. एक शब्द पुरला असता. मी नाही म्हणून मान जोरजोरात हलवत होते, शिपाई म्हणत होता, शांत हो, पकडलाय त्याला. आणि बेड्या घातलेला क्लाउन, ज्याला रागवायचा पूर्ण हक्क होता, तो एवढ्या गोंधळात गप्प झाला होता. पहिल्यांदाच. तो माझ्याकडे बघत असावा. मी पुन्हा बोट दाखवलं, यावेळी जमिनीवर पडलेल्या केळ्याकडे, आणि मग बोट न दाखवता फक्त बाजूला सरकले, म्हणजे केळं आणि क्लाउन यांच्यामध्ये मी उभी राहिले.

क्लाउनने लिहिलं, “मी नाही. रंग. ती रंग दाखवतेय.”

मग एका ओळीमागून एक, त्याच्या नेहमीच्या वेगाने. पिवळा कोण? कपडे? टोपी? पिवळी टोपी. इंजिनिअर. मी प्रत्येकाला मान हलवत गेले. त्याच्या बेड्या अजून हातात होत्या आणि तो माझी साक्ष देत होता. बारमनने रेडिओवर सांगितलं. रेडिओ अख्ख्या स्थानकाला ऐकू जातो, तिथे मी कधीच नसते. त्या दिवशी माझं म्हणणं पहिल्यांदा रेडिओवर गेलं.

त्याला शटलच्या दाराशी पकडला. तो पळत आला तेव्हा समोर मी उभी होते, आणि भिंत घातली होती. एकदा आपटला, दुसऱ्यांदा आपटला, तोवर शिपाई पोहोचला. तिथे मी हाताची काहीच ॲक्टिंग केली नाही. फक्त भिंतीच्या अलीकडे, त्याच्याकडे तोंड करून उभी राहिले.

शटलमध्ये क्लाउन माझ्या शेजारी बसला आणि सगळ्यांना गोष्ट सांगू लागला. त्याने ती बरीच वाढवली. मी बोगद्यात खुन्याशी झटापट केली, मी त्याच्या हातातलं हत्यार उडवलं, वगैरे. लोक माझ्याकडे वळून विचारत होते, खरं का? यातलं काही घडलं नव्हतं. पण गोष्ट आता त्याची होती. बेड्या त्याने सोसल्या होत्या. मी मान हलवली, हो.

राउंड संपल्यावर सगळ्यांना मोकळेपणी लिहिता येतं, पात्र सोडून. खुनी झालेल्या खेळाडूने लिहिलं, की तुला सोडलं ही चूक झाली, पण पुन्हा तसाच प्रसंग आला तर पुन्हा सोडेन. बागवाली झालेल्या मुलीने विचारलं, “तू रडलीस का तिथे? भूत होऊन मी बघत होते. तू बोगद्यात बराच वेळ हलली नव्हतीस.” मी लिहायला घेतलं, दोन ओळी लिहिल्या, खोडल्या. तोवर नवा राउंड सुरू झाला.

तेवढ्यात सासूबाई दारात आल्या. “पाणी गेलं का गं?”

मी मान हलवली.

“पिंप भरलं?”

मी हाताने दाखवलं.

“अर्धंच,” त्या म्हणाल्या, आणि कळशी घ्यायला आत गेल्या.